लाकडाचे पंख, पोलादाचे सांधे

दुसऱ्या महायुद्धातले विमान म्हटले की चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यावरच्या रिव्हेटांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. पण त्याच युद्धात ब्रिटनचे सर्वांत वेगवान बॉम्बफेकी विमान बर्चचे प्लायवूड आणि बाल्सा यांचे होते. सोव्हिएत कारखान्यांतून बर्चच्या लाकडाची लढाऊ विमाने हजारोंनी बाहेर पडत होती. नॉर्मंडीत सैनिक उतरवणारी ब्रिटिश हॉर्सा ग्लायडर फर्निचर बनवणाऱ्या सुतारांनी जोडली होती. आणि जर्मनीने शेवटच्या हिवाळ्यात जेट इंजिनाच्या विमानाला लाकडी पंख बसवले. युद्धाच्या इतिहासात या विमानांना जागा मिळते ती बहुधा एका वाक्यात : धातू कमी पडला म्हणून लाकूड वापरले. या एका वाक्यावर माझे समाधान कधी झाले नाही. हे पुस्तक त्यातून उभे राहिले.

मुळात निव्वळ लाकडाचे विमान असे काही नव्हतेच. इंजिन धातूचे, चाकांचे पाय धातूचे, तोफा, टाक्या, सुकाणूच्या दोऱ्या आणि त्यांच्या कप्प्या धातूच्या. जड, सतत थरथरणारे इंजिन लाकडी पंखाला टांगायचे, तर त्याचा भार पोलादातून लाकडात कुठेतरी उतरवावाच लागतो. ती जागा म्हणजे सांधा. मोडलेल्या लाकडी विमानांच्या चौकशा वाचत गेलो तेव्हा ध्यानात आले, की मधल्या फळीत लाकूड मोडल्याच्या नोंदी थोड्या आहेत. सरस सुटला, बोल्टाचे भोक रुंदावले, लोखंडी फिटिंग तुटली, पाणी सांध्यात शिरले, अशाच नोंदी जास्त. म्हणून लाकडी विमानांचा इतिहास सांध्यांचा इतिहास म्हणून वाचायला हवा, असे माझे म्हणणे आहे. कोणते विमान किती वेगाने उडाले हे सांगणारी पुस्तके भरपूर आहेत. ते कशाने जोडलेले राहिले, हे सांगणारी मराठीत तरी माझ्या पाहण्यात आली नाहीत.

नवख्या वाचकासाठी आधी लाकडाचा स्वभाव सांगायला हवा. विमानांसाठी सर्वांत पसंतीचे लाकूड म्हणजे सिटका स्प्रूस. अलास्कापासून उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापर्यंत वाढणारे हे उंच, सरळसोट, सूचिपर्णी झाड. त्याच्या वाळलेल्या लाकडाची घनता पाण्याच्या साधारण चार दशांश भरते, तर विमानांत वापरायचा ड्युरॅल्युमिन हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू पाण्याच्या पावणेतीन पटींहून जड. म्हणजे तेवढ्याच वजनात लाकूड सातपट जाड घेता येते. ताण सोसायची ताकद वजनाच्या हिशेबाने दोघांची जवळपास सारखी. पण दाबाखाली पातळ पत्रा सुरकुततो आणि जाड लाकूड तग धरते. त्यामुळे त्या काळच्या मध्यम वेगाच्या, मध्यम आकाराच्या विमानांसाठी लाकूड हा हिशेबाने पटणारा पर्याय होता. त्यात गुळगुळीतपणाचा फायदा वेगळा, कारण वाऱ्याला अडवणारी रिव्हेटची डोकी लाकडी कातडीवर नसतातच.

मात्र ही सगळी ताकद तंतूंच्या दिशेने. आडवे ओढले तर तेच लाकूड विसाव्या हिश्शाइतकाही ताण सोसत नाही. फळीला भोक पाडून बोल्ट घाला आणि बोल्टला ओढ द्या : आधी बोल्टापुढचे तंतू चिरडतात, आणि फळीचे टोक जवळ असेल तर बोल्टाच्या रुंदीची एक अख्खी पट्टी तंतूंच्या रेषेत निसटून बाहेर येते. पोलादाला भोकाभोवती थोडे लवून भार शेजारच्या बोल्टांना वाटून देता येतो. लाकडाला ती सवलत नाही.

यावर कारागिरांनी आणि गणित्यांनी मिळून जे तोडगे काढले, तेच या शास्त्राचे गाभ्याचे धडे आहेत. बोल्ट फळीच्या टोकापासून त्याच्या जाडीच्या कित्येक पट आत घ्यायचा. एका जाड बोल्टाऐवजी अनेक बारीक बोल्ट रुंद पोलादी पट्टीतून घालायचे. स्प्रूसच्या तुळईत फिटिंगच्या जागी ॲश किंवा अक्रोडासारख्या कठीण लाकडाचा ठोकळा सरसाने बसवायचा, म्हणजे बोल्टाचा दाब त्याने झेलायचा आणि सरसाच्या रुंद पृष्ठभागातून मऊ लाकडात पसरवायचा. बोल्टाच्या भोकात धातूची नळी घालायची. नटाखाली मोठा वॉशर किंवा पट्टी द्यायची, नाहीतर नट आवळताना लाकडातच रुतत जातो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, त्या सांध्यात येणाऱ्या साऱ्या भारांच्या रेषा एकाच बिंदूत मिळतील अशी फिटिंग आखायची. रेषा बोटभर जरी चुकल्या तरी सांध्याला पीळ बसतो, आणि पीळ लाकडाला आडवा फाडतो.

यानंतर येते हवामान. दमट दिवसांत लाकूड फुगते, कोरड्या दिवसांत आकसते. हा फरक तंतूंच्या आडव्या अंगाला मोठा असतो, उभ्या अंगाला नगण्य. पोलादाला दमटपणाचे काही नाही. कोकणातल्या घराचे दार पावसाळ्यात चौकटीत अडकते आणि वैशाखात त्याच्या बिजागऱ्यांचे स्क्रू सैल होतात, तेच हे दुखणे. शिवाय ओलसर लाकडातली आम्ले पोलाद खातात आणि गंजणारे लोखंड भोवतालचे लाकूड काळे करून निकामी करते. म्हणून फिटिंगवर कॅडमियमचा मुलामा चढवायचा, प्रत्येक भोक आतून वार्निशने बंद करायचे आणि ठरलेल्या काळाने बोल्ट तपासून पुन्हा आवळायचे, ही त्या काळच्या देखभालीची शिस्त होती.

पहिल्या महायुद्धापर्यंत लाकडी विमानबांधणीच्या दोन वाटा स्पष्ट झाल्या होत्या. पहिली वाट सांगाडा आणि तारा यांची. ॲशचे किंवा स्प्रूसचे लांब दांडे, मधे आडव्या काठ्या, प्रत्येक चौकोनात कर्णावर ताणलेली पोलादी तार, आणि वरून डोप नावाच्या लेपाने ताठ केलेले लिननचे कापड. यात काठ्या फक्त दाब सोसतात आणि ओढ सगळी तारांकडे. काठी, दांडा आणि तारांची टोके जिथे भेटतात तिथे पत्र्याची वाकवलेली छोटी फिटिंग असते आणि स्क्रू फिरवून तारेचा ताण कमीजास्त करणारा टर्नबकल. तारा योग्य ताणावर ठेवणारा रिगर हा स्वतंत्र पेशाच होता. कोलकात्यात जन्मलेला इंद्रलाल रॉय जुलै 1918 मध्ये ज्या एस. ई. 5ए विमानातून लढला ते याच जातीचे. दोन आठवड्यांच्या आत दहा हवाई विजय नोंदवून 22 जुलैला तो वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मारला गेला. या विमानाच्या सुरुवातीच्या नमुन्याने जानेवारी 1917 मध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्याचा मुख्य चाचणी-वैमानिक फ्रँक गुडन याचा बळी घेतला होता. पंख हवेत मोडला. नंतर पंखातल्या दाब सोसणाऱ्या बरगड्यांना पातळ प्लायवूडच्या पडद्या चिकटवल्या गेल्या आणि तेच विमान त्या युद्धातल्या भरवशाच्या विमानांपैकी एक ठरले.

दुसरी वाट कवचाची. फ्रान्समध्ये लुई बेशरोने 1912 मध्ये देपेरद्युसाँ विमानाचे धड साच्यावर पातळ विनियरचे थर तिरपे-आडवे चिकटवून घडवले. आत सांगाडा जवळजवळ नाही, भार कातडीच वाहते. जर्मनीच्या आल्बाट्रॉस विमानांनी हीच कल्पना सोपी करून प्लायवूडच्या धडांची लढाऊ विमाने मोठ्या संख्येने काढली. कवचात तारांचा जंजाळ नाही, गोळी लागली तरी भार वळसा घालून जातो. पण मग इंजिनाचा आणि पंखाचा भार पातळ कवचात शिरणार कुठून, हा प्रश्न जास्त अवघड झाला. कवचाच्या इतिहासातली अर्धी बुद्धी याच प्रश्नावर खर्च झाली आहे.

जर्मनीतल्या फोकर कंपनीने दोन्ही वाटांचे मिश्रण केले : धड वितळजोड केलेल्या पोलादी नळ्यांचे आणि पंख जाड, लाकडी, बाहेर तारा नसलेले. या पंखांची बदनामी ज्या अपघातांनी झाली त्यांत कल्पनेपेक्षा कामाचा दोष मोठा होता. 1917 च्या ऑक्टोबरअखेर फोकरची तीन पंखांची विमाने हवेत मोडली, तेव्हा चौकशीत पंखांत ओल शिरून सुटलेले सरसाचे सांधे सापडले. पुढच्या वर्षी फोकरच्याच एका पंखाच्या विमानाचेही पंख मोडू लागले. ते पंख ज्या कारखान्यात घडले तो मूळचा श्वेरीनचा पियानो कारखाना. लाकडाला सुबक वळण देण्यात तिथले लोक वाकबगार असणार. पण पियानोतल्या ढिल्या सांध्याने सूर बिघडतो, माणूस मरत नाही, आणि तपासणीची जी कडक सवय विमानाला लागते ती घाईच्या काळात त्यांना कोणी लावली नव्हती.

दोन युद्धांच्या मधल्या काळाबद्दल पुस्तकात तुलनेने थोडे आहे. मात्र एक घटना टाळता येत नाही. 31 मार्च 1931 रोजी अमेरिकेत कान्सासमध्ये फोकर एफ-10 हे प्रवासी विमान पंख तुटून पडले. आठजण गेले, त्यांत नोटर डेम विद्यापीठाचा लोकप्रिय फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉक्नी होता. लाकडी पंखाच्या आत पाणी मुरून सरस निकामी झाला होता, आणि बंद पंखात डोकावून ते पाहायची सोय नव्हती. त्यानंतर अमेरिकी प्रवाशांचा लाकडावरचा विश्वास उडाला आणि धातूच्या विमानांचा मार्ग मोकळा झाला. खरे तर दोष लाकडाचा कमी आणि सरसाचा जास्त होता. त्या काळी दुधातल्या केसीनमध्ये चुना आणि इतर क्षार घालून केलेला सरस वापरत. कोरड्यात तो उत्तम धरतो, पण ओलाव्यात मऊ पडतो आणि त्याला बुरशी लागते.

लाकडी विमानाला दुसरे आयुष्य मिळाले ते रसायनशाळेतून. केंब्रिजजवळ डक्सफर्ड इथे नॉर्मन डी ब्रुइन याने 1930 च्या दशकात ‘एरोलाइट’ हा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा सरस तयार केला. तो पाण्याला दाद देत नाही, बुरशीला खाद्य नाही, आणि दुसऱ्या भागावर लावलेल्या आम्लाशी गाठ पडली की घट्ट होतो. जर्मनीत याच्या आधीच एसेनच्या गोल्डश्मिट कंपनीने ‘टेगो’ नावाची फिनॉलिक रेझिनची कागदासारखी फिल्म काढली होती. विनियरच्या थरांत ती घालून गरम दाबात ठेवली की पाण्यातही न सुटणारे प्लायवूड मिळे. या दोन शोधांचा पुढच्या विमानांना मोठा आधार मिळाला. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहरातल्या वनउत्पादन प्रयोगशाळेने लाकडी विमानाच्या आराखड्याचे आणि तपासणीचे नियम युद्धकाळात संहितेसारखे बांधून दिले. बोल्ट, भोक आणि ठोकळा यांचे वर सांगितलेले धडे तिथे कोष्टकांत उतरले. ही कोष्टके मी पुस्तकात मुद्दाम सविस्तर घेतली आहेत. हौशी ग्लायडर बांधणाऱ्यांना आजही त्यांचा उपयोग आहे.

आता सुरुवातीला उल्लेखलेल्या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाकडे, म्हणजे मॉस्किटोकडे. पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग या विमानाने घेतला आहे, आणि तो मी कमी करणार नाही. डी हॅविलंड कंपनीला बाल्सा आणि प्लायवूडच्या सँडविचचा अनुभव 1937 च्या अल्बट्रॉस प्रवासी विमानापासून होता. त्याआधी 1934 च्या इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया शर्यतीत बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर असे सक्तीचे थांबे घेत पहिले आलेले कॉमेट विमानही त्यांचेच आणि लाकडीच. युद्ध सुरू होताच कंपनीने बंदुका नसलेल्या, केवळ वेगावर जगणाऱ्या लाकडी बॉम्बरचा प्रस्ताव मांडला. हवाई मंत्रालयात विल्फ्रिड फ्रीमन यांच्याखेरीज फारसा कोणाचा त्यावर विश्वास नव्हता. हर्टफर्डशरच्या सॉल्सबरी हॉल या जुन्या वाड्यात आर. ई. बिशप यांच्या चमूने आराखडा केला आणि 25 नोव्हेंबर 1940 रोजी हॅटफील्डहून पहिले विमान उडाले. पुढे इंग्लंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया मिळून 7,781 मॉस्किटो बांधली गेली.

याचे धड कसे होई ते जवळून पाहण्यासारखे आहे. धडाच्या उजव्या आणि डाव्या अर्ध्याचे दोन साचे, महोगनीचे किंवा काँक्रीटचे. साच्याच्या खाचांत आधी आतल्या आडव्या भिंती आणि स्प्रूसचे तुकडे बसवायचे. त्यावर बर्चच्या तीनपदरी प्लायवूडची, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीची कातडी. तिच्यावर सरस लावून इक्वेडोरहून आलेल्या बाल्साच्या सुमारे अकरा मिलिमीटर जाड पट्ट्या. मग पोलादी पट्टे भोवती आवळून सारे साच्यावर घट्ट दाबायचे, सरस सुकला की बाल्सा घासून सारखा करायचा आणि बाहेरची कातडी तशीच पट्ट्यांखाली चिकटवायची. अशी दोन अर्धी कवचे उघडी असतानाच त्यांत तारा, नळ्या, सुकाणूचे दांडे सगळे बसवून घेत. उघड्या कवचात दोन्ही बाजूंनी माणसे एकदम काम करू शकत. धातूच्या बंद धडात एकेकाला आत सरपटावे लागे. नंतर दोन्ही कवचांच्या कडा खाच आणि कुसू अशा मिळवून सरसाने एक करत, आणि वरून मादापोलम नावाचे सुती कापड डोपने चिकटवत.

पंख मात्र टोकापासून टोकापर्यंत अखंड, साडेसोळा मीटरचा. दोन पंख धडाला जोडायचे तर बुंध्याशी प्रचंड भाराच्या धातूच्या फिटिंग लागल्या असत्या, आणि लाकडी विमानात सर्वांत घातक जागा तीच. बिशप यांच्या चमूने तो सांधाच काढून टाकला. स्प्रूसच्या पट्ट्या थरावर थर चिकटवून केलेल्या दोन पेटीसारख्या तुळया, वरच्या बाजूला प्लायवूडच्या दोन कातड्या आणि त्यांच्यामधे डग्लस फरच्या बारीक दांड्या. सरस वाळेपर्यंत दाब राहावा म्हणून हजारो पितळी स्क्रू. धड या अखंड पंखावर वरून बसे आणि चार ठिकाणी धातूच्या फिटिंगनी जखडले जाई. इंजिनाची चौकट पोलादी नळ्यांची, ती पंखाच्या तुळयांवरच्या फिटिंगला बोल्टने लागलेली. चाकांच्या पायात तेल-हवेचा महागडा दट्ट्या वापरण्याऐवजी रबराच्या ठोकळ्यांची चळत घातली, म्हणजे बारीक यंत्रकाम वाचले. आणि कवचात कुठे एखादे उपकरण अडकवायचे झाले तर नुसता स्क्रू चालत नसे, कारण बाल्सा स्क्रूला धरतच नाही. तिथे भोक पाडून, बाल्सा काढून, कडा असलेली प्लायवूडची गुंडी सरसाने बसवत आणि तिच्यात बोल्टाची सोय करत. ही बोटाएवढी गुंडी मला या विमानातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. हलक्या भाराला हलकेच, आणि तरी पक्के उत्तर.

हे काम केले कोणी? हाय विकमचे खुर्च्या करणारे, लंडनचे फर्निचरवाले, गाड्यांच्या बॉड्या बांधणारे, आणि युद्धाआधी रंधा हातात न धरलेल्या असंख्य बायका. लाकूड निवडल्यामुळे ॲल्युमिनियम वाचले यापेक्षा, ज्यांना युद्धात दुसरे काम नव्हते असे हजारो कुशल हात वापरता आले, हा लाभ मोठा होता असे माझे मत आहे.

सोव्हिएत कथा वेगळी. तिथे लाकूड हीच मुख्य वाट होती, आणि 1941 मध्ये झापोरिझ्झ्याचा ॲल्युमिनियम कारखाना हातचा गेल्यावर तीच राहिली. पोलिकार्पोव्हच्या आय-16 चे धड बर्चच्या विनियरचे. याक-1 मध्ये नळ्यांचे धड आणि अखंड लाकडी पंख, म्हणजे फोकरचीच शाळा. लाग-3 मध्ये जास्त भाराच्या जागी ‘डेल्टा’ लाकूड, म्हणजे रेझिनमध्ये भिजवून दाबलेला बर्च, कठीण आणि जड. याच घराण्यातल्या ला-7 ला 1944 मध्ये धातूच्या तुळया मिळाल्या तेव्हा सुमारे शंभर किलो वजन उतरले. लाकडाच्या मर्यादेचा याहून प्रामाणिक हिशेब सापडणार नाही.

जर्मनीने सर्वांत उशिरा आणि सर्वांत वाईट वेळी लाकूड धरले. कुर्ट टांक यांचे टा-154 विमान टेगो फिल्मच्या भरवशावर आखले होते. त्या फिल्मचा वुपरटालचा कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला आणि बदली सरसातल्या आम्लाने लाकूडच खाल्ले. हाइनकेलचे हे-162 जेट 6 डिसेंबर 1944 ला उडाले. चारच दिवसांनी व्हिएन्नाजवळ श्वेखाट इथे लोकांसमोरच्या उड्डाणात त्याच्या उजव्या पंखाची पुढची कड उखडली आणि वैमानिक गॉटहोल्ड पीटर ठार झाला.

धातूच्या बाजूने सांधा कसा दगा देतो याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. वाको ग्लायडरचे पंख लाकडी, धड पोलादी नळ्यांचे, मधे आधाराचा तिरपा दांडा. 1 ऑगस्ट 1943 ला सेंट लुई इथे प्रेक्षकांदेखत एका ग्लायडरचा पंख निखळला. शहराचे महापौर विल्यम डी बेकर यांच्यासह दहाही जण गेले. दांड्याच्या टोकाची पोलादी फिटिंग कारखान्यात ठरल्यापेक्षा पातळ कापली गेली होती आणि तपासणीतून निसटली होती. लाकूड शाबूत होते.

आपल्या वाचकाला सर्वांत जवळचा भाग 1944 च्या पावसाळ्याचा. ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी मॉस्किटोच्या तुकड्या भारतात आल्या, बंगळूरजवळच्या येलहंकासारख्या तळांवर वैमानिकांनी त्यांवर हात बसवला. ऑक्टोबरमध्ये विमाने हवेत मोडू लागली. वरची कातडी तुळईपासून सुटत होती. नोव्हेंबरमध्ये उड्डाणे थांबवली गेली आणि कंपनीच्या हेरवर्ड डी हॅविलंड यांचा चमू भारतात आला. त्यांनी सरसाला निर्दोष ठरवून पावसाळी हवेत लाकूड आकसण्यावर बोट ठेवले. पुढच्या चौकशांनी मात्र वेगळे सांगितले : मोसमी पाऊस कधी न पाहिलेल्या, इंग्लंडमध्येच असलेल्या विमानांतही तेच दोष सापडले. चिकटवण्याच्या कामाचा दर्जाच कमी पडला होता, दोन पृष्ठभाग नीट मिळाले नव्हते. उपाय म्हणून तुळईवरच्या कातडीच्या जोडावर लांबलचक प्लायवूडची पट्टी बसवली गेली आणि मॉस्किटो त्यानंतरही इथे वापरात राहिले. ‘लाकूड आपल्या हवेला टिकत नाही’ हे त्या प्रकरणावरून काढलेले अनुमान अजूनही कानी पडते. कागदपत्रे त्याला आधार देत नाहीत. पाऊस हा सांध्याचा कडक परीक्षक होता, गुन्हेगार नव्हे.

युद्धाच्या अखेरीस लाकूड आणि धातू यांचे नाते बदलले. डी ब्रुइनच्या डक्सफर्डच्या प्रयोगशाळेने ‘रिडक्स’ हा धातूला धरणारा सरस काढला होता. द्रव फिनॉलिक रेझिनवर दुसऱ्या रेझिनची भुकटी पसरायची आणि उष्णतेत दाबायचे. त्याने जुलै 1944 मध्ये उडालेल्या हॉर्नेट विमानात ड्युरॅल्युमिनची पट्टी थेट लाकडाच्या तुळईला चिकटवली गेली. बोल्ट नाही, भोक नाही, भार संपूर्ण पृष्ठभागातून जातो. हाच सरस पुढे धातूला धातू जोडत प्रवासी विमानांत गेला. 1948 पासून भारतीय हवाई दलात आलेल्या आणि नंतर बंगळूरला परवान्याने बांधल्या गेलेल्या व्हॅम्पायर जेटच्या नाकाकडचे धड मॉस्किटोच्याच पद्धतीने, प्लायवूड आणि बाल्साचे होते. ज्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात ती बांधली तो 1940 मध्ये उभारणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. आपल्या पहिल्या जेट विमानात लाकूड होते, ही गोष्ट आपल्याकडच्या विमानप्रेमींनाही अनेकदा नवी वाटते.

आज हा विषय का काढायचा? कारण प्रश्न जिवंत आहे. तेजस विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे 45 टक्के भाग कार्बन तंतूंच्या संमिश्राचा आहे, बोइंग 787 मध्ये जवळपास निम्मा. तंतूंच्या दिशेने बलवान, आडवे दुबळे, बोल्टाच्या भोकाशी चिरडणारे, पातळ कातड्यांमधे हलका गाभा असलेले हे पदार्थ लाकडाचेच वारस आहेत. कार्बनला ॲल्युमिनियम टेकले की ॲल्युमिनियम झिजते, म्हणून मधे काचतंतूंचा थर आणि टायटॅनियमचे बोल्ट लागतात. कॅडमियमच्या मुलाम्याची जागा त्यांनी घेतली. मधमाशीच्या पोळ्यासारख्या गाभ्यात बसवायची धातूची गुंडी आणि मॉस्किटोची प्लायवूडची गुंडी यांचे काम एकच. लाकूड, सरस आणि संमिश्र यांचे हे नाते युद्धकाळात फार्नबरोला काम केलेल्या जे. ई. गॉर्डन यांनी 1968 च्या ‘द न्यू सायन्स ऑफ स्ट्राँग मटेरियल्स’ या पुस्तकात उलगडले, आणि माझी दृष्टी घडवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

दुसरे कारण जतनाचे. न्यूझीलंडमध्ये नव्याने साचे करून, धड आणि पंख पुन्हा घडवून बांधलेले मॉस्किटो 2012 मध्ये उडाले. 2017 मध्ये इंग्लंड-वेल्स सीमेजवळच्या ब्रॉटनच्या कारखान्यात, पाडायच्या इमारतीत, मॉस्किटोच्या वीस हजारांहून अधिक तांत्रिक आराखड्यांच्या सूक्ष्मफिती सापडल्या. हात गेले असले तरी कागद वाचले आहेत, आणि ते वाचता येणारी माणसे तयार होण्याची गरज आहे.

या पुस्तकाची मांडणी विमानांच्या नावांवर बेतलेली नाही. ती सांध्यांच्या प्रकारांवर आहे : तारेचा, बोल्टाचा, ठोकळ्याचा, सरसाचा आणि शेवटी धातू व लाकूड चिकटवण्याचा. त्यामुळे एकच विमान दोन-तीनदा भेटेल, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. हवाई लढायांचे वर्णन इथे नाही. वैमानिकांच्या पराक्रमाविषयी आदर आहे, पण त्यांच्या मागे शिकंजे आवळत बसलेल्यांची बाजू मांडायची होती. हॉवर्ड ह्यूजचे 1947 मध्ये एकदाच उडालेले बर्चचे महाकाय विमान आणि जपानचे लाकडी प्रयोग यांना थोडक्यात आटोपले आहे. त्यांनी सांध्याच्या शास्त्रात फारशी भर घातली नाही असे मला वाटते, आणि ज्यांना तसे वाटत नाही त्यांच्याशी वाद घालायला मी तयार आहे.

गणित जिथे आले तिथे शाळेच्या बीजगणितापलीकडे गेलेले नाही. मापे मेट्रिक दिली आहेत, मूळ इंचांतली मापे आकृत्यांत ठेवली आहेत, कारण भोक आणि बोल्ट यांची जोडी इंचांच्या अपूर्णांकांतच नीट कळते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी सरळ बोल्टाच्या विभागापासून सुरुवात करावी. सुतारकाम करणाऱ्या वाचकांनी मॉस्किटोचे साचे आधी पाहिले तरी काही बिघडत नाही, त्या आकृत्या मुद्दाम कामाच्या क्रमाने काढून घेतल्या आहेत.